कोठी भरा, पण बेतानं: नागपुरातल्या नव्या घरासाठी

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी पन्नास किलो गहू सोंड्यांना जेवू घातले. जूनचा तिसरा आठवडा होता, दोन सरी पडून गेल्या होत्या. दुकानदार म्हणाला, आज घेतले तर भाव लावून देतो. पोतं आलं, मी ते तसंच कोठीत ओतलं, झाकण दाबलं आणि मोठं काम केल्यासारखी मोकळी झाले. राखीच्या सुमारास दळणाला गहू काढायला कोठीत हात घातला, तर गहू कोमट लागले. बाहेर पाऊस, पायाखाली गार फरशी, आणि कोठीच्या पोटात ताप आल्यासारखी ऊब. वर पांढरट पिठाचा थर, त्यात काळे ठिपके वळवळताहेत: सोंडे, म्हणजे धान्यातले किडे. सासूबाई थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अवं, मिरगाआधी भरलं नाही ना, मंग आता बस पाखडत."

आठ दिवस पाखडत बसले.

नोकरीसाठी नागपुरात येऊन बेसा, मनीषनगर किंवा वर्धा रोडच्या बाजूला भाड्याच्या फ्लॅटमध्ये संसार मांडणारी बरीच मुलं-मुली मला विचारतात, घरात किती सामान भरून ठेवावं? त्यांच्यासाठी हे क्रमानं लिहिते आहे. नागपुरात धान्य मिळवणं अवघड नाही. ते इथल्या उन्हातून आणि पावसातून सांभाळून नेणं, हे खरं काम.

आधी हे ठरवा: कशासाठी भरताय?

गेल्या काही वर्षांत आमच्या घराला चार वेळा साठ्याची गरज पडली. मार्च २०२० ची टाळेबंदी सगळ्यांनाच आठवते. पुढच्या वर्षी, १५ ते २१ मार्च २०२१, नागपूर शहरात वेगळी कडक टाळेबंदी लागली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आणि मार्च २०२५ मध्ये कोतवाली, गणेशपेठ, तहसील अशा बऱ्याच पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी होती.

या चारही वेळा शहरातलं धान्य संपलं म्हणून आमचं अडलं नाही. दुकानापर्यंतचा रस्ता बंद झाला म्हणून अडलं. आणि प्रत्येक वेळी अडण्याची मुदत वेगळी होती: पुराचे दोन-तीन दिवस, संचारबंदीचा आठवडा, टाळेबंदीचे महिने. यात माझी स्वतःची पाचवी वेळ मिळवा, घरात पगार दोन महिने थकला होता तेव्हाची. ती कुठल्या बातमीत आली नाही, पण कोठी सगळ्यात जास्त तेव्हाच कामाला आली.

म्हणून साठा एकच नसतो, तीन असतात. तीन दिवसांचा डबा, एका महिन्याची आघाडी, आणि हौस व जागा असेल तर वर्षाची बेगमी. याच क्रमानं करा. वर्षाच्या धान्यापासून सुरुवात करणाऱ्याचं माझ्यासारखं होतं.

पहिली पायरी: महिनाभर फक्त लिहा

काही विकत घेऊ नका. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा आणि घरात काय, किती संपलं ते महिनाभर लिहा. इंटरनेटवरच्या याद्यांत ओट्स असतात, राजमा असतो. तुमच्या घरी राजमा वर्षातून दोनदा होत असेल तर पाच किलो राजमा घेऊन त्याची पूजा करणार का?

अंदाज हवा म्हणून आमचं सांगते. दोन मोठी माणसं, दोन मुलं, दोन्ही वेळा पोळ्या. महिन्याला गहू पंधरा किलो, तांदूळ आठ, तूरडाळ तीन, बाकीच्या डाळी-कडधान्यं मिळून अडीच, बेसन दीड, तेल साडेतीन-चार लिटर, साखर अडीच, फल्लीदाणे (शेंगदाणे) एक, पोहे-रवा मिळून अडीच, मीठ एक किलो. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या ताटाला दिवसाला २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं धरली आहेत. त्या मापानं आम्ही डाळीत मागे पडतो, आणि तेलात मात्र ताट ओलांडून पुढे गेलेलो आहोत. तेल-मसालेदार सावजी रश्श्याच्या गावात राहून तेलाचा हिशेब लिहायला जरा धैर्य लागतं. पण खरा लिहा.

दुसरी पायरी: तीन दिवसांचा डबा

एक मोठा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा. अट एकच: यातलं बरंचसं गॅस आणि वीज नसतानाही खाता आलं पाहिजे. पातळ पोहे, मुरमुरे, फुटाणे, फल्लीदाणे आणि गूळ, खजूर, बिस्किटं, दूध पावडर, लहान बाळ असेल तर त्याचं खाणं. बरोबर ओआरएसची पाकिटं, घरातल्यांच्या रोजच्या औषधांची आठवड्याची पट्टी, टॉर्च, मेणबत्त्या, काडेपेटी आणि थोडी सुटी रोकड, कारण वीज गेली की मोबाइलवरून पैसे देणंही अडतं.

पाण्याचं लोक विसरतात. नागपूरला पाणी पेंच आणि कन्हानकडून येतं; तिकडे पंप बंद पडला किंवा मोठी जलवाहिनी फुटली की इथल्या टाक्या भरत नाहीत. नुसतं पिण्या-रांधण्याला माणशी दिवसाला चार लिटर धरा. चार माणसं, तीन दिवस, म्हणजे पन्नास लिटरच्या आसपास. वीस लिटरचे दोन जार आणि एक मोठा गंज (पातेलं) भरलेला असला की झालं. मे महिन्यात यात निम्म्यानं भर घाला.

तळमजल्यावर राहत असाल तर डबा माळ्यावर ठेवा. २०२३ च्या पुरात आमच्या एका नातेवाइकांकडे पाणी पलंगाच्या उंचीपर्यंत आलं होतं. तांदळाचे दोन कट्टे, जमिनीवर उभे केलेले, फुगून फाटले. वरच्या फळीवरचा चिवडा कोरडा राहिला, आणि त्या चिवड्यावर सात माणसांनी दुपार काढली. पुराच्या पाण्यात भिजलेलं धान्य वाळवून वापरू नका. नाल्याचं पाणी ते, त्यात काय काय असतं सांगायला नको.

तिसरी पायरी: एका महिन्याची आघाडी

यासाठी एकदम पैसे ओतायची गरज नाही. दर महिन्याच्या किराण्यात पाव महिन्याचं जास्तीचं घ्या. डाळ तीन किलो लागते तर पावणेचार आणा. चार महिन्यांत पूर्ण महिन्याचा साठा हातात येतो, आणि पुढे नेहमीइतकंच आणत राहायचं. तोपर्यंत भाजीवाल्याच्या किंवा दुकानदाराच्या लक्षातही येत नाही की तुम्ही काही साठवताय. बेगमी आणि साठेबाजी यांत मला एवढाच फरक दिसतो: पहिली बाजारात ओळखू येत नाही.

दुसरीही पाहिली आहे. मार्च २०२० मध्ये शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी रव्या-मैद्याची चाळीसेक पाकिटं उचलून आणली होती. मेच्या मध्याला गच्चीवर तीच पाकिटं फोडून चाळणीनं जाळ्या वेगळ्या करत बसलेले दिसले. रवा, मैदा, बेसन, कणीक यांची आघाडी महिन्याची ठेवा, त्यापुढे नाही. साबुत धान्य टिकतं, दळलेलं लवकर बिघडतं. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांतच कडवट लागायला लागतं.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. आमच्याकडे त्या टाळेबंदीत गहू भरपूर होते आणि चक्कीवाला गावी अडकला होता. पहिले चार दिवस गव्हाचा भरडा, मग दलिया, मग मिक्सरमधून जेमतेम निघेल तेवढी कणीक. तेव्हापासून चार किलो दळलेली कणीक हा माझा नियम आहे. दोन किलोवर आली की दळण टाकायचं.

गॅसचा एक भरलेला सिलेंडर बाजूला असावा. एकाच सिलेंडरची जोडणी असेल तर दुसऱ्या सिलेंडरसाठी अर्ज करा, किंवा निदान विजेची शेगडी ठेवा. डाळी रात्री भिजवल्या की गॅस वाचतो. चणे-राजम्याला तर हाच मार्ग.

चौथी पायरी: वर्षाचं घ्यायचं तर हंगाम बघून

वर्षाची बेगमी प्रत्येकानं करावी असं माझं म्हणणं नाही. दोन खोल्यांत पलंगाखाली पोती सरकवून झोपण्यात अर्थ नाही. पण करायची असेल तर बाजाराचं वेळापत्रक पाळा.

नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, डाळ त्यानंतर. चणाही फेब्रुवारी-मार्चचा. लाल मिरची याच दिवसांत. भिवापूरची मिरची आणि वर्ध्याकडची वायगावची हळद या दोघींना भौगोलिक मानांकन आहे, मिळाल्या तर सोडू नका. मात्र नावावर जाऊ नका. मिरची मुठीत दाबून बघा: कोरडी असेल तर चुरचुरते, ओलसर असेल तर नुसती वाकते, आणि तीच पुढे बुरशी धरते. गहू मार्च-एप्रिलमध्ये, लोकवन किंवा मध्य प्रदेशातला शरबती. साठवणीचा कांदा एप्रिल-मेचा, उन्हाळी. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा टिकत नाही, तो आठवड्याला लागेल तसाच आणावा. चिंच मार्च-एप्रिलमध्ये, फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून.

तांदळाचं वेगळं. धान दिवाळीच्या आसपास निघतो, पण नव्या तांदळाचा भात चिकट होतो, म्हणून जुना मागा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचा चिन्नोर, जय श्रीराम, एचएमटी, काहीही घ्या. एचएमटी हे नाव घड्याळावरून पडलं, आणि हे वाण निवडून काढलं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्यानं. आपण रोज शिजवतो त्या भातामागचं हे नाव नागपूरकरालाही ठाऊक असतंच असं नाही.

खरेदी कुठे? डाळ-तांदूळ-मसाल्याला इतवारी. कांदे, बटाटे, मिरची पोत्यानं हवी तर कळमना, पण तिथे सकाळी लवकर आणि तीन-चार घरं मिळून जा. एकट्यानं अख्खं पोतं घेऊन काय करणार? भाजीला कॉटन मार्केट. उन्हाळ्याच्या तोंडावर शेतकऱ्यांचे धान्य महोत्सव भरतात, तिथे शेतकऱ्याशी थेट बोलता येतं. इतवारीत पहिल्यांदा जाल तेव्हा किलो-किलोच आणा. शिजवून बघा. आवडलं तर पुढच्या आठवड्यात कट्टा उचला. नमुना एक आणि पोत्यात दुसरं, असं माझ्यासोबत एकदा झालं आहे. आता मी पोत्याच्या मधून आणि तळातून मूठ काढून दाखवायला सांगते. दुकानदार थोडा रुसतो. रुसू द्या.

रेशन कार्डावर धान्य मिळत असेल तर तेही बेगमीतच धरा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कार्डाला पस्तीस किलो धान्य मिळतं. तेही घरी आल्यावर आधी वाळवा, मग भरा.

पाचवी पायरी: ऊन दाखवणं

इथे घाई करू नका, सगळा खेळ इथेच आहे. आपल्या शहराला देवानं एक फुकटची भट्टी दिली आहे. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि गच्चीची फरशी तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. सोंडकिड्याला आणि त्याच्या अंड्यांना ही आच सोसत नाही. नवतप्याचे नऊ दिवस, २५ मेपासूनचे, यासाठीच असतात असं समजा.

गहू आधी चाळून-पाखडून घ्या. सकाळी नऊनंतर गच्चीवर जुनं धोतर किंवा सुती चादर अंथरा, त्यावर बोटभर जाडीचा थर पसरा, तासा-दोन तासांनी हातानं उलथापालथ करा. असं दोन-तीन दिवस. झालं की नाही ते दातांना विचारा: गव्हाचा दाणा दाताखाली ठेवून चावा. कट्ट आवाज होऊन तुटला तर वाळला. दबला, चिवट लागला तर अजून एक दिवस ऊन द्या.

मग लगेच कोठीत भरू नका. गरम धान्य बंद केलं की आतली वाफ झाकणाला जमते आणि खाली टपकते. संध्याकाळी चादरीची गाठोडी करून खोलीत ठेवा, रात्रभर गार होऊ द्या, सकाळी भरा. कोठीसुद्धा धुऊन, त्याच उन्हात तोंड उघडं ठेवून तापवलेली हवी. कोपऱ्यात अडकलेल्या मागच्या वर्षीच्या चार दाण्यांतून या वर्षीची फौज उभी राहते.

तांदूळ मात्र कडक उन्हात टाकायचा नाही. त्याला चिरा जातात आणि भाताची कणी होते. सावलीत, पंख्याखाली पसरा. मुळात पॉलिश केलेला तांदूळ कोरडा असतो, निवडून घट्ट डब्यात भरला तरी पुरे.

आणि एक खास नागपुरी चूक. कूलर लावलेल्या खोलीत धान्य ठेवू नका. तीन महिने वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा आत येत असते, बाहेर रखरख असली तरी त्या खोलीत पावसाळाच असतो. आमच्या एका भाडेकरूंनी कूलरच्या समोरच्या भिंतीला पोती लावली होती, गार जागा म्हणून. गार होती खरी, पण पोती आतून बुरसली.

सहावी पायरी: सोंडे, भुंगे आणि त्यांचे पाहुणे

सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आतच अंडं घालते आणि तोंड बंद करते. म्हणून दुकानातून स्वच्छ दिसणारं धान्य घरी येऊन महिनाभरात वळवळायला लागतं. दुकानदारानं फसवलंच असेल असं नाही, पाहुणे आधीपासून आत होते.

थोडं सामान असेल तर फ्रीजर उत्तम. रवा, मैदा, बेसन, पाकिटासकट तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग बाहेर काढून पाकीट पूर्ण कोरडं झाल्यावर डब्यात घाला. साबुत मूग, मटकी, चणे यांना एरंडेल चोळतात: किलोला एक चहाचा चमचा, दोन्ही हातांनी, प्रत्येक दाण्याला चकाकी येईपर्यंत. वापरताना कोमट पाण्यानं धुवायचं. भाड्याच्या घरात कोठी नको असेल तर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, आतून पूर्ण वाळवून त्यात डाळी गळ्यापर्यंत ठासून भरा. आत हवा कमी, म्हणून किडीला वाव कमी. आणि एक बाटली बिघडली तर बाकीच्या वाचतात.

कडुनिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला. ओला पाला घालून मी एकदा बुरशी पिकवली आहे. पाऱ्याच्या गोळ्या कापडात बांधून टाकण्याची, तांदळाला बोरिक पावडर लावण्याची पद्धत अजून घराघरांत आहे. मी दोन्ही बंद केलं. पारा विष आहे, आणि बोरिक कितीही धुतलं तरी ते खाण्याची वस्तू नव्हे. गोदामात टाकतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या तर घरात आणायच्याच नाहीत. त्यांना दमट हवा लागली की विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं मरतात. कुणी ओळखीच्यानं "एकच टाका, काही होत नाही" म्हणून दिली तरी घेऊ नका.

किड लागलेले गहू पाखडून, ऊन दाखवून वापरता येतात. बुरशीचा वास आला तर नाही. फल्लीदाणे कडू किंवा काळपट निघाले तर भाजून वापरायचा मोह टाळा. बुरशीचं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणारा मोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते तेव्हा रोगराईबरोबर सोंड्यांनाही घेऊन जा गे म्हणायला हरकत नाही, पण त्या दिवशी कोठीचं झाकण उघडून एकदा हात घालून बघाच. गहू कोमट लागले तर वाट पाहू नका, त्याच दिवशी बाहेर काढा.

तेलाचं थोडक्यात: फल्ली असो की सोयाबीन, शेगडीशेजारी आणि खिडकीत ठेवू नका, खवट होतं. पंधरा किलोचा डबा चार माणसांच्या घरी फोडल्यावर चार महिने चालतो, तेवढा वेळ झाकण नीट लागलं पाहिजे. जवसाचं तेल मात्र थोडंथोडंच आणा. गूळ पावसाळ्यात पाझरतो, त्याला स्टीलचा डबा आणि वरची फळी.

सातवी पायरी: खात राहा

प्रत्येक डब्यावर खडूनं किंवा चिकटपट्टीवर भरल्याचा महिना लिहा. नवं मागे, जुनं पुढे. डाळी जुन्या झाल्या की शिजेनाशा होतात, दोन तास कुकर फुसफुसतो आणि गॅस जातो तो वेगळाच.

भाजी न मिळणाऱ्या दिवसांसाठी वैदर्भी स्वयंपाकघर आधीपासून तयार आहे. बेसनाची पातोडी आणि तर्रीदार रस्सा, गोळाभात, झुणका, मुगवड्यांची भाजी, सरगुंडे (कणकेच्या वाळवलेल्या नळ्या). यातल्या एकालाही हिरवी भाजी लागत नाही. सरगुंडे, कुरड्या आणि वड्या एप्रिल-मेमध्ये गच्चीवर घालतात. जमत नसेल तर बचत गटाच्या बायकांकडून विकत घ्या, त्या चांगल्या करतात. आठवड्यातून एक जेवण ठरवून फक्त साठ्यातून करा. आमच्याकडे तो मंगळवार आहे. मुलांना पातोडीचा मंगळवार म्हणूनच माहीत आहे, बेगमी फिरते आहे याचा त्यांना पत्ता नाही.

बदली होऊन नागपूर सोडायची वेळ आली तर दोन महिने आधीपासून नवं काही आणू नका, आहे ते खाऊन संपवा. उरलेलं धान्य ट्रकमध्ये घालून नेलं तर सोंडेही बरोबर प्रवास करतात. कोठी मात्र न्या. रिकामी, धुतलेली, दोन दिवस गच्चीवर तापवलेली, आणि झाकण वेगळं बांधून. बंद झाकणात ओलावा राहिला तर कोठीचा वास वर्षभर जात नाही.